रजोनिवृत्तीची चाहूल आणि आपली जबाबदारी

चाळिशी ओलांडलेली स्त्री आपल्या चिकित्सालयात येते तेव्हा तिची तक्रार क्वचितच एका वाक्यात मावते. रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडते, अंगातून वाफा निघतात, गुडघे धरतात, लहानसहान गोष्टीवर राग येतो, असे ती एकेक सांगत जाते. आपण निद्रानाशासाठी एक, अम्लपित्तासाठी दुसरे आणि संधिवातासाठी तिसरे औषध लिहितो. या सर्व लक्षणांना एका सूत्रात बांधणारा प्रश्न मात्र बहुधा विचारलाच जात नाही. तो प्रश्न म्हणजे, मागची पाळी कोणत्या महिन्यात आली आणि त्याआधीची कधी? हा प्रश्न न विचारल्यामुळे होणारी हानी दुहेरी आहे. काही स्त्रियांचा गंभीर आजार केवळ वयावर ढकलला जातो, तर काहींचे निव्वळ वय आजार समजून गर्भाशयासकट कापून टाकले जाते. या दोन्ही टोकांना अडविण्याची जागा आपल्या मेजापाशी आणि औषधी दुकानाच्या काउंटरपाशी आहे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

धामणगाव रेल्वे आणि भोवतालच्या खेड्यांत ही चाहूल ओळखणे अधिक कठीण का, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. वऱ्हाडात वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा दिवसांत अंगातून वाफा निघाल्या तर त्यात कोणाला नवल वाटावे? सोयाबीनची सोंगणी व कपाशीची वेचणी करणाऱ्या बाईचे कंबर-गुडघे दुखतातच. मुलीचे लग्न, कर्ज, नापिकी यांची काळजी घरोघर असल्याने झोप उडण्यासही कारण हाताशी असते. लक्षणांना बाहेरचे कारण इतके सहज सापडते की आतल्या कारणाकडे लक्ष जात नाही. परंतु उन्हाळ्याचा ताप आणि रजोनिवृत्तीची उष्णतेची लाट यांत भेद आहे. ही लाट छाती वा मानेपासून उठून चेहऱ्यावर येते, काही मिनिटे टिकते, घाम फुटतो आणि ओसरताना अनेकदा थंडी वाजते. पौषाच्या कडाक्यातही मध्यरात्री पांघरूण फेकून उठावे लागत असेल, तर दोष उन्हाचा नव्हे, हे उघड आहे.

शास्त्राने याबाबत आपल्याला पुरेसे दिग्दर्शन केलेले आहे. सुश्रुताचार्यांनी आर्तवाचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत सांगितला असून, शरीर जरेने पक्व झाल्यावर आर्तवाचा क्षय होतो असे म्हटले आहे. बृहत्त्रयीत रजोनिवृत्ती हा स्वतंत्र व्याधी म्हणून वर्णिलेला नाही, हे अर्थपूर्ण आहे. जरेची गणना क्षुधा, तृष्णा, निद्रा व मृत्यू यांच्यासह स्वभावबलप्रवृत्त व्याधींत होते. तेथेच सुश्रुतांनी कालकृत आणि अकालकृत असा भेद केला आहे. शरीराचे योग्य रक्षण केले असता जे यथाकाळ येते ते कालकृत, आणि रक्षणाच्या अभावी जे आधीच येते ते अकालकृत. आपल्या विषयाचे सारे मर्म या भेदात आहे. यथाकाळ येणाऱ्या निवृत्तीला आधार द्यावयाचा असतो. अवेळी आलेल्या निवृत्तीचे कारण शोधावयाचे असते.

मग यथाकाळ म्हणजे केव्हा? पाश्चात्त्य देशांत पाळी जाण्याचे सरासरी वय सुमारे ५१ मानले जाते. भारतीय स्त्रियांत ते ४६-४७ च्या आसपास आढळते. संक्रमणाचा काळ त्यापूर्वी काही वर्षे सुरू होत असल्याने बेचाळीस-त्रेचाळीसाव्या वर्षी पहिली चिन्हे दिसणे आपल्याकडे अस्वाभाविक नाही. सर्वांत विश्वसनीय पूर्वचिन्ह उष्णतेची लाट नसून चक्राच्या लांबीत होणारा बदल हे आहे. लागोपाठच्या दोन चक्रांत सात दिवस वा अधिक फरक पडू लागला आणि तो पुन्हा पुन्हा दिसला, तर संक्रमण सुरू झाले असे समजावे. साठ दिवस वा अधिक काळ पाळी न येणे ही पुढची पायरी होय. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे म्हणता येते. चाळिशीच्या आत पाळी जाऊ लागली तर मात्र ती अकालकृत समजून एफएसएच व थायरॉईडच्या रक्ततपासणीसह स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला घेतलाच पाहिजे. अशा स्त्रीच्या अस्थींना व हृदयाला होणारा धोका पुढील अनेक वर्षांचा असतो.

येथे चिकित्सेतील एका सामान्य प्रमादाकडे वैद्यबंधूंचे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. पंचेचाळीस वर्षांची स्त्री दोन-तीन महिने पाळी चुकली म्हणून येते आणि तिच्या हाती रजःप्रवर्तिनी वटी पडते. आर्तवक्षयासाठी आग्नेय द्रव्ये सांगितलेली आहेत हे खरे. पण ती विकृत क्षयाची चिकित्सा आहे, स्वाभाविक निवृत्तीची नव्हे. या वयात पित्त आधीच उसळलेले आणि वाताची वाढ सुरू झालेली असते. त्यावर उष्ण-तीक्ष्ण द्रव्यांचा मारा केला तर लाटा, दाह व निद्रानाश वाढणारच. शिवाय संक्रमणकाळात गर्भधारणा अशक्य नसते. पाळी चुकलेल्या स्त्रीची गर्भचाचणी केल्यावाचून आर्तवप्रवर्तक औषध देणे कोणत्याही शास्त्रात बसत नाही. गर्भनिरोधाची काळजीही लगेच सोडता येत नाही. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर त्यानंतर दोन वर्षे व पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष ती घ्यावी, असा सर्वमान्य संकेत आहे.

याहून गंभीर प्रश्न रक्तस्रावाचा आहे. 'पाळी जाताना असे व्हायचेच' हे वाक्य आपल्या समाजात इतके रुळले आहे की अतिस्राव होत असतानाही स्त्री महिनोन्‌महिने अंगावर काढते आणि मग दुकानातून अशोकारिष्टाची बाटली नेते. असृग्दरात अशोक, लोध्र, पुष्यानुग चूर्ण यांचे स्थान निर्विवाद आहे. तथापि निदानाआधी केलेले स्तंभन रोग झाकते. बारा महिने पाळी बंद राहून पुन्हा थेंबभर जरी रक्त दिसले, तरी ती पाळी नव्हे. जगभरच्या अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष पाहता अशा स्त्रियांपैकी सुमारे नऊ टक्क्यांत गर्भाशयाच्या अंतःस्तराचा कर्करोग आढळतो. त्याचप्रमाणे दोन पाळ्यांच्या मध्ये स्राव, संबंधानंतर स्राव, गाठी पडणारा वा आठ दिवसांहून अधिक चालणारा स्राव, दुर्गंधी पाणी जाणे, यांपैकी काहीही असेल तर औषध नंतर, तपासणी आधी. सोनोग्राफी, हिमोग्लोबिन आणि आवश्यक तेथे अंतःस्तराची बायोप्सी, एवढे झाल्यावर आपल्या चिकित्सेला मोकळीक मिळते.

आता दुसरे टोक पाहू. 'पिशवी काढून टाकली की कटकट गेली' हा सल्ला आपल्या गावांत बायका एकमेकींना देतात, आणि तो देणारे व्यावसायिकही दुर्मीळ नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ३.२ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले आणि शस्त्रक्रियेच्या वेळचे मध्यम वय केवळ ३४ वर्षे होते. आपल्याच राज्यातील बीड जिल्ह्याचे उदाहरण सर्वांच्या स्मरणात असेल. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या शस्त्रक्रियांविषयी ओरड झाल्यावर २०१९ मध्ये शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढले गेल्याचे समोर आले. पुढे ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर निर्णय देऊन, अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी अमलात आणाव्यात, असा आदेश दिला.

बीड वऱ्हाडापासून दूर आहे, परंतु रोजंदारी बुडू नये म्हणून शरीराचा एखादा अवयव गमावण्याची वेळ येणारी स्त्री आपल्या वेचणीच्या शेतातही आहे. गर्भाशयासह बीजग्रंथी काढल्या तर निवृत्ती एका दिवसात येते. बीजग्रंथी राखल्या तरी ती पुष्कळदा अपेक्षेहून लवकर येते. गर्भाशय नसल्याने पाळीची खूण उरत नाही आणि ती स्त्री पस्तीस-अडतीसाव्या वर्षी दाह, अस्थिशूल, उदासी घेऊन आपल्याकडे येते. म्हणून पाळीच्या प्रश्नाला जोडूनच दुसरा प्रश्न असावा: पिशवीचे ऑपरेशन झाले आहे काय, आणि झाले असल्यास कोणत्या वयात? शस्त्रक्रियेचा सल्ला घेऊन आलेल्या स्त्रीस दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यास प्रवृत्त करणे हेही आपले कर्तव्य ठरते. शस्त्रक्रिया काही वेळा प्राण वाचविते, यात वाद नाही. वाद फक्त निदानावाचून केलेल्या शस्त्रक्रियेबद्दल आहे.

धोक्याची चिन्हे नसतील तेव्हा आपल्या शास्त्राचे सामर्थ्य प्रकट होते. हा पित्तप्रधान मध्यम वयातून वातप्रधान उत्तर वयात जाण्याचा संधिकाल आहे. रात्री पायांना तिळतेलाचा अभ्यंग, वेळेवर भोजन, रात्री जागरण टाळणे या साध्या उपायांनी पुष्कळ काम होते. ठेचा, वारंवार चहा आणि रात्रीचे तिखट जेवण काही दिवस सोडून पाहावे. लाटा कशाने उठतात हे स्त्रीला स्वतःलाच कळते. ज्वारी, तीळ, जवस, ताक, कडधान्ये ही वऱ्हाडातील घरचीच पथ्ये आहेत. तंबाखू व मिश्री सोडविणे अस्थींसाठीही हिताचे आहे. शतावरी, आमलकी, गुडूची यांची योजना प्रकृती व अग्नी पाहून करावी. शेतात राबणाऱ्या बाईला व्यायाम सांगू नये. तिला विश्रांती सांगावी, आणि ती घरच्यांच्या समक्ष सांगावी, म्हणजे मिळण्याची शक्यता वाढते. लाटा असह्य असतील तर हार्मोन चिकित्सेचे नाव काढण्यास संकोच नको. २००२ मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीनंतर तिच्याविषयी भीती पसरली. परंतु साठीच्या आतील किंवा निवृत्तीला दहा वर्षे न झालेल्या निरोगी स्त्रीस ती तज्ज्ञाच्या देखरेखीखाली बहुधा लाभदायक ठरते, असे पुढील अभ्यासांनी दाखविले आहे. स्तनाचा कर्करोग अथवा रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असेल तर गोष्ट वेगळी.

औषधी दुकानदार बंधूंसाठी काही गोष्टी स्वतंत्रपणे सांगावयाच्या आहेत. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून रक्तदाबाचे औषध चालू आहे काय हे विचारावे. थायरॉईडची गोळी घेणाऱ्या स्त्रीस प्रवाळ, शंख, गोदंती यांसारखी चुनायुक्त भस्मे किमान चार तासांच्या अंतराने घेण्यास सांगावे, अन्यथा गोळीचे शोषण घटते. अशोकाच्या सालीत आसुपालवाची भेसळ ही जुनी व्यथा आहे. साल विकत घेताना ओळख पटविणे हा धर्म समजावा. महालक्ष्म्यांच्या वा तीर्थयात्रेच्या आधी पाळी पुढे ढकलण्याची गोळी मागणाऱ्यांची रांग लागते. तीत चाळिशीपुढील, आधीच अनियमित पाळीच्या स्त्रियाही असतात. ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून देऊ नये. ती रक्तात गुठळीचा धोका वाढवू शकते आणि पाळीचा खरा क्रमही झाकून टाकते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, खेड्यातील बाई पुरुष वैद्यापुढे पाळीविषयी बोलत नाही. हे काही अंशी खरे आहे. परंतु 'काकू, पाळी महिन्याची येते की मागेपुढे होते?' असे सहज स्वरात, नाडी पाहताना विचारले तर बहुतेक जणी उत्तर देतात. शिवाय परिचारिका, आशाताई वा घरातील स्त्रीवैद्य यांची मदत घेता येते. दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. आपण बाटली नाकारली तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. जाईलही. परंतु एका गावातील सर्वच दुकानांनी एकच नियम पाळला तर जाणार कोठे? संघटना असते ती याचसाठी.

म्हणून आपल्या संघटनेपुढे एक साधी सूचना ठेवावीशी वाटते. चाळिशीपुढील प्रत्येक स्त्रीच्या केसपेपरवर शेवटच्या पाळीचा महिना, चक्रातील बदल, गर्भाशयाची शस्त्रक्रिया आणि अवेळी स्राव असे चार रकाने छापावेत. दुकानाच्या काउंटरवर धोक्याच्या चिन्हांचा एक मराठी तक्ता लावावा. धामणगावातील रुग्णाला बडनेऱ्याकडे गेल्यास अमरावतीचे डफरीन रुग्णालय आणि वर्ध्याकडे गेल्यास सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, असे दोन्ही मार्ग रेल्वेने उपलब्ध आहेत. तेव्हा 'कोठे पाठवावे' ही अडचण आपल्याला सांगता येणार नाही. तपासणी करून परत आलेल्या स्त्रीची पुढील शुश्रूषा आपल्याच हाती राहील. आयुष्याची तिशी-चाळिशी दुसऱ्यांसाठी झिजविलेल्या या स्त्रीला तिच्या शरीरात काय चालले आहे हे निदान तिच्या वैद्याने तरी समजावून सांगावे, एवढी अपेक्षा तिने ठेवली तर ती गैर नव्हे.