स्वभावाला मैदान हवं

गोदावरी आमच्या सायखेड्याच्या उशाला. पण रिओच्या ऑलिंपिकमध्ये नौका वल्हवली ती चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळनं. तो दुष्काळी गावातला, विहिरी खोदायच्या कामावर राबलेला. २०१२ मध्ये सैन्यात भरती झाला आणि पुण्यात वल्हं हाती आलं, तेव्हा त्याला पाण्याची भीती वाटायची. चार वर्षांनी, २०१६ साली, हाच गडी एकेरी शर्यतीत जगात तेरावा आला. आम्हाला पाण्याची काय वानवा? २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर नदी गावात शिरली होती. तरी वल्हेकरी निघाला तो कोरड्या मुलखातून.

एकेरी नौकेची शर्यत २००० मीटरची. पाठ शेवटच्या रेषेकडे, तोंड मागे. संपायचं कुठे ते दिसत नाही आणि सोबतीला कुणी नसतं. दम, उंची, दंडातली ताकद हे सगळं लागतंच. पण असल्या खेळात रोज पहाटे एकट्यानं घासत राहायचं, तर तसा पिंडही लागतो. खेळाचा विचार करताना आपण नेमका हा पिंड विसरतो. पोरगा उंच दिसला की व्हॉलीबॉल, अंगानं भरला की तालीम. आणि जरा लाजाळू निघाला की घरचे शिक्का मारून मोकळे: ‘याला खेळाची आवडच नाही.’

आमच्याकडे पहाटे मैदानावर पोलीस भरतीची पोरं दिसतात. मैदानी चाचणीत १६०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. अंतर सगळ्यांना सारखं, पण धावण्याच्या तऱ्हा बघा. एखादा पहिल्याच फेरीत सगळ्यांच्या पुढे सुसाट सुटतो आणि शेवटच्या चारशे मीटरला कुशीत हात दाबून वाकतो. एखाद्याला मागून मित्रांचा आरडाओरडा लागतो, त्याशिवाय पाय उचलत नाही. आणि एखादा कुणाशी चकार शब्द न बोलता, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत, प्रत्येक फेरी जवळजवळ सारख्याच वेळात संपवतो. त्याच्या शेजारी कुणी गप्पा मारत धावायला आलं की त्याची लय मोडलीच.

खेळांचंही तसंच. कबड्डीत चढाई करणारा समोरच्या सात जणांच्या अंगणात एकटा शिरतो. अंगाला अंग भिडणार, सगळं गाव बघणार, हे त्याला आवडावं लागतं. खो-खोत आठ जण एकाआड एक उलट तोंडं करून बसतात आणि पाठीवर ‘खो’ पडेपर्यंत हलत नाहीत. तिथे वाट बघण्याची सवय आणि सोबत्यावरचा भरवसा कामी येतो. सप्तशृंग गडाशी ज्याची आख्यायिका जोडलेली आहे त्या मल्लखांबावर झुंज असते ती फक्त स्वतःच्या तोलाशी.

मानसशास्त्रज्ञही यात बरंच डोकं घालत आलेत. २०२५ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १३२ जणांचे स्वभाव तपासले आणि त्यातल्या काहींना आठ आठवडे सायकल आणि ताकदीचे व्यायाम दिले. बोलघेवड्या, माणसांत रमणाऱ्यांना दमछाक करणारा जोरकस व्यायाम आवडला. काळजीखोर मंडळींना मध्ये मध्ये थांबत करायचा, थोडा थोडा व्यायाम बरा वाटला आणि कुणी पहारा ठेवलेला नको होता. शिस्तीची माणसं मुळातच जास्त तंदुरुस्त निघाली. मजा येवो न येवो, ती व्यायाम करतातच. सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे व्यायामानं मनावरचा ताण ठळकपणे उतरला तो काळजीखोरांचा. म्हणजे ज्या पोराला आपण ‘भित्रा’ म्हणून बाकावर बसवतो, त्यालाच मैदानाची गरज सर्वांत जास्त.

स्वभावाला औषध नाही, असं आपल्याकडे म्हणतात. ते अर्धंच खरं. खेळ स्वभाव उलटापालटा करत नाही, पण त्याची धार कमी-जास्त करतो. शिवाय माणूस एकाच कप्प्यात बसत नाही. याच दत्तूला २०१८ च्या आशियाई स्पर्धेत एकेरीच्या अंतिम फेरीत तब्येतीनं दगा दिला, तो सहावा आला; आणि दुसऱ्याच दिवशी चौघांच्या नौकेत बसून त्यानं सुवर्णपदक मिळवलं. एकट्याचा खेळाडू म्हणून त्याला तिथेच बाजूला बसवलं असतं, तर?

स्वभावाच्या गप्पा मारताना परिस्थितीकडे डोळेझाक करून मात्र चालणार नाही. हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत धावण्याकडे वळली, त्याचं एक कारण हेही की अनवाणी धावता येतं, त्याला पैसा लागत नाही. २०१० मध्ये तिनं दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतराचं रौप्य आणलं. दुसरे खेळ तिच्या आवाक्यात असते, तर तिनं काय निवडलं असतं कोण जाणे. पसंती सांगायला आधी समोर चार गोष्टी असाव्या लागतात. आमच्याकडे बहुतेक पोरांसमोर असतात दोनच: क्रिकेट आणि भरती. मुलींसमोर तर तेवढंही नसतं.

‘द्राक्षाची छाटणी, कांद्याची काढणी, एवढं राबतो तोच आमचा व्यायाम,’ असं शेतकरी म्हणतात. कष्ट खरेच आहेत, पण ते शेत ठरवतं, माणूस नाही. खेळ माणूस स्वतःच्या मर्जीनं निवडतो, म्हणून तो टिकतो.

तेव्हा पालकांना आणि खेळाच्या सरांना एवढंच सांगणं: पोराची उंची मोजाल तेव्हा त्याचा स्वभावही जरा बघा. चार खेळ करून बघू द्या. जो खेळ सांगावा लागत नाही तो त्याचा. आणि तुम्ही स्वतः दर जानेवारीत चालायला सुरुवात करून फेब्रुवारीत सोडत असाल, तर आळसाला दोष देण्याआधी सोबत बदलून बघा. एकटे चालत असाल तर कुणाला तरी बरोबर घ्या, आणि घोळक्यात चालत असाल तर चार दिवस एकटे निघा.