खाडाखोडीतली चित्रं
कवितेतली ओळ खोडली की रवींद्रनाथ टागोर ती नुसती काळी करून पुढे जात नसत. एका खाडाखोडीला दुसरी जोडत, आणि बघता बघता वहीत एखादा पक्षी, एखादा कधी न पाहिलेला प्राणी उभा राही. १९२४ साली अर्जेंटिनात त्यांचा पाहुणचार करणाऱ्या व्हिक्टोरिया ओकाम्पो यांना 'पूरबी' या कवितासंग्रहाच्या हस्तलिखितातला हा खेळ फार भावला. त्यांच्याच खटपटीने १९३० मध्ये पॅरिसला टागोरांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं. तेव्हा ते सत्तरीला टेकले होते! नोबेल मिळालेला कवी उतारवयात शाई सांडून रमला आणि दोन हजारांहून अधिक चित्रं मागे ठेवून गेला. आपण मात्र शाळा सुटली की रंगपेटी माळ्यावर टाकतो आणि 'मला चित्र काढता येत नाही' असं आयुष्यभर सांगत राहतो. येण्या-न येण्याचा प्रश्न परीक्षेपुरता होता. परीक्षा कधीच संपली. हात अजून तोच आहे, आणि कोणी गुण देणार नसल्यामुळे तो आज जास्त मोकळा आहे. आज वाणसामानाची यादी लिहून झाली की कागद फेकू नका. त्यातली एखादी खोडलेली ओळ घ्या आणि तिला पंख काढा.