फाइल ती फाइलच?

“छोट्या धंद्यात बॅकअपचा एवढा बाऊ कशाला? कॉम्प्युटर विंडोजचे, सर्व्हर लिनक्सचा, असेना! रात्री सगळं एक्सटर्नल डिस्कवर ओढून टाका. फाइल ती फाइलच.” एका जाणकारांचा हा उपदेश. फुकटात मिळतो, त्यामुळे दुकानदारांना पटतोही.

पण फाइल ती फाइलच नसते. लिनक्सला इंग्रजी मोठी आणि छोटी अक्षरं वेगळी वाटतात, एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या एक्सटर्नल डिस्कला सारखीच. फक्त तेवढ्याच फरकाच्या दोन बिलांपैकी तिथे एकच उरतं. नावात वेळ लिहिताना विसर्गासारखी दोन टिंबं आली, की डिस्क ती फाइल घेतच नाही. कोणती फाइल कोणाच्या मालकीची, कोणी वाचायची, कोणी नाही, हे एक्सफॅट नोंदवतच नाही. म्हणजे पगारपत्रक परत येतं, त्याचं कुलूप येत नाही. उलट दिशेनेही तीच गत. लिनक्सच्या ईएक्सटी4 या फाइल सिस्टिममध्ये फाइलच्या नावाला 255 बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, 3 बाइट खातं. विंडोजवर सुखाने नांदणारं शंभर चिन्हांचं मराठी नाव तिथे 85 वरच अडतं. जाणकार बहुधा फाइलींना इंग्रजी नावंच देत असावेत.

याच पंथाने पूर्वी ‘रेड म्हणजेच बॅकअप’ असा वाद घातला होता. रेडमध्ये आरशासारख्या जोडलेल्या दोन डिस्कपैकी एक मेली तर काम चालू राहतं, हे खरं. पण चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून तितक्याच इमानाने पुसली जाते, हे त्या वादात कुणी ऐकून घेतलं नाही.

ओढून टाकण्यात आणखीही धोके आहेत. चालू डेटाबेसची फाइल नुसती उचलली तर प्रत बिनकामाची निघू शकते. कायम जोडलेली डिस्क वॉनाक्रायसारख्या खंडणीखोर व्हायरसच्या तावडीत सापडते, हे मे 2017 पासून तरी ठाऊक असायला हवं.

मग करायचं काय? डेटाबेसचा आधी डंप, म्हणजे त्याच्याच साधनाने काढलेली पूर्ण प्रत, घ्या. लिनक्सच्या फाइली लिनक्सवरच टार करून एका गठ्ठ्यात बांधा. मालकी आणि परवानग्या गठ्ठ्यात राहतात, डिस्क नुसतं गोदाम उरते. फक्त ती फॅट32 नसावी, तिथे 4 जीबीची फाइल मावत नाही. एक प्रत दुकानाबाहेर ठेवा.

आणि सुट्टीच्या दिवशी एक फोल्डर दुसऱ्या मशीनवर परत आणून उघडून पाहा. उघडलं नाही, तर जाणकारांना फोन करा. उपदेश त्यांच्याकडे अजून शिल्लक असेल.