कळसूबाईवर सूर्याकडे पाठ करावी

शनिवारची मध्यरात्र उलटली की पायथ्याच्या बारी गावात मुंबई-पुण्याच्या बसगाड्या येऊन लागतात. कपाळाला बॅटऱ्या बांधलेली माणसे अंधारातच चढू लागतात आणि लोखंडी शिड्यांपाशी अडतात, कारण तिथे रांग असते. उजाडता उजाडता गर्दी माथ्यावरच्या देवळापाशी पोहोचते आणि सगळ्यांची तोंडे पूर्वेला वळतात. सूर्य वर येतो, मोबाइल वर जातात, ग्रुप फोटो होतो. तासाभरात माथा निम्मा रिकामा, कारण खाली पोहे सांगून ठेवलेले असतात.

महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच जागी, १६४६ मीटरवर, रात्रभर झोप मोडून चढायचे आणि बघायचे काय, तर घराच्या गच्चीवरूनही दिसतो तो सूर्योदय. त्याला नावे ठेवायचे कारण नाही. पण ज्यासाठी इतके उंच जावे लागते ते सारे त्या घटकेला या गर्दीच्या पाठीमागे असते.

सर्वांत आधी चुकते ती सावली. सूर्य क्षितिजावर असतो तेव्हा कळसूबाईची सावली पश्चिमेच्या दऱ्यांवर आणि पलीकडच्या धुरकट हवेवर लांबवर पडते, आणि डोंगराचा आकार कसाही असला तरी ती टोकदार त्रिकोणीच दिसते. रेल्वेचे रूळ लांब गेल्यावर जुळल्यासारखे वाटतात, तोच हा प्रकार. सूर्य चढेल तशी ती आखडत जाते आणि थोड्या वेळात हातची जाते. श्रीलंकेतल्या श्रीपाद शिखरावर (उंची २२४३ मीटर) सूर्योदयानंतर पाठ फिरवून सावली पाहणे हा यात्रेचाच भाग मानला जातो. आपल्याकडे तशी रीत पडली नाही. इंद्रवज्राचेही तेच. इंग्रज अधिकारी विल्यम साईक्स यांनी हरिश्चंद्रगडाच्या परिसरात पाहिलेल्या या वर्तुळाकार इंद्रधनुष्याचे वर्णन १८३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात केले आहे. ते दिसायला समोर दरीत धुके लागते आणि सूर्य पाठीशी लागतो. सूर्याकडे टक लावून बसणाऱ्याला ते जन्मात दिसायचे नाही.

सावलीच्या डावीकडे, पश्चिमेलाच, अलंग, मदन आणि कुलंग एका ओळीत उभे असतात. ट्रेकर मंडळींना हे त्रिकूट ठाऊक असते ते चढाईला अवघड म्हणून. कळसूबाईवरून ते वेगळेच काही सांगते. तिन्ही गडांच्या अंगावर आडवे पट्टे आहेत आणि एका गडावरचा पट्टा नजरेने पुढे नेला तर तो दुसऱ्यावर जवळपास त्याच पातळीत सापडतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेल्या लाव्हाचे हे थर. मधला भाग पावसाने आणि नद्यांनी कोरून नेला, उरले ते गड. दख्खनच्या बसाल्टची वर्गवारी करताना भूशास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातल्या सर्वांत खालच्या, म्हणजे सर्वांत जुन्या थरसमूहाला नाव दिले ते कळसूबाईचेच. माथ्यावर फोटो काढणाऱ्या किती जणांच्या हे कानावर गेले असेल?

दक्षिणेला भंडारदऱ्याचा जलाशय पसरलेला असतो, त्याच्या मागे रतनगड आणि त्याला खेटून उभा खुट्टा, आणि त्याही मागे हरिश्चंद्रगड. फोटोत या पाण्याचा निळा तुकडा येतो, त्याची गोष्ट येत नाही. रतनगडाच्या कुशीतून निघालेली प्रवरा इथे अडवली गेली. धरण १९२६ मध्ये पुरे झाले. इथले पाणी कालव्यांनी खालच्या सपाटीला गेले, तिथे ऊस उभा राहिला आणि पुढे लोणीजवळ, आजच्या प्रवरानगरात, विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना निघाला. सहकाराचा इतिहास शिकवायला याहून चांगला वर्ग मिळायचा नाही. त्याच दृश्यात काठावरच्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांची भातखाचरेही आहेत. पाणी वर आणि बागायत खाली, हे एका नजरेत दिसते.

उत्तरेचे पाणी दारणेच्या खोऱ्यात जाते, दक्षिणेचे प्रवरेत, आणि दोन्ही शेवटी गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराकडे निघतात. पश्चिमेला घाटघरच्या कड्यावरून खाली पडलेला थेंब मात्र कोकणात उतरून अरबी समुद्र गाठतो. पाऊसही असाच वाटलेला आहे. घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो. पूर्वेला संगमनेरकडे त्याचा एक लहानसा हिस्साच पोहोचतो. पावसाळा सरल्यावर माथ्यावर उभे राहिले की पश्चिमेचा गर्द हिरवा पूर्वेकडे फिका होत तपकिरी होत जाताना दिसतो. पर्जन्यछाया म्हणून पुस्तकात पाठ केलेली गोष्ट ती हीच. हवा स्वच्छ असेल तर वायव्येला अंजनेरी आणि ब्रह्मगिरी, ईशान्येला पट्टा आणि औंढा हे गड ओळखता येतात.

हे सगळे दुर्लक्षित राहते यात लोकांचा दोष कमी, वेळापत्रकाचा जास्त. रात्री चढवायचे, सूर्योदय दाखवायचा, दुपारपर्यंत बसमध्ये बसवायचे, हा एकच साचा आयोजकांनी धरला आहे. त्यात माथ्यासाठी तास-दीड तास उरतो आणि अंधारात चढल्यामुळे वाटेवरचे काहीच दिसलेले नसते. भर पावसातल्या सहली तर आणखी अजब, कारण तेव्हा वर धुक्याखेरीज काही नसते. धुकेही सुंदर असते हे कबूल, पण त्यासाठी निसरड्या शिड्यांवर शेकडो माणसे लटकवायची गरज नाही.

दुसरी उणीव माहितीची. इंग्लंडमध्ये माल्व्हर्न टेकड्यांच्या माथ्यावर, जेमतेम ४२५ मीटरवर, १८९७ पासून एक दिशादर्शक तबकडी आहे. कोणत्या दिशेला कोणता डोंगर ते तिच्यावर कोरलेले आहे. राज्यातल्या सर्वोच्च शिखरावर तशी एक तबकडी बसवणे वन विभागाला जड जाऊ नये. कमरेएवढ्या उंचीची, दगडी, मराठीतली. मात्र तेवढ्यावर थांबावे. महाबळेश्वरसारखे कठडे, मक्याची कणसे आणि ‘पॉइंट’ इथे नकोत; हे अभयारण्य आहे. तबकडीहूनही बोलकी माणसे बारीत आहेतच. घरकामाच्या अटी मोडल्या म्हणून डोंगरावर निघून गेलेल्या कळसूची कथा त्यांना पाठ असते, समोरचा प्रत्येक सुळका नावानिशी ठाऊक असतो. आयोजक त्यांच्याकडून जेवण घेतात, पण डोंगराची माहिती विचारत नाहीत. ट्रेकच्या शुल्कात स्थानिक वाटाड्याचे मानधन सक्तीचे केले, तर वरचा मुक्काम आपोआप लांबेल आणि पैसाही गावात राहील.

कळसूबाईला जायचेच असेल तर दसऱ्याची गर्दी ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात जावे. पावसाने धुतलेली हवा तेव्हा स्वच्छ असते, गवत अजून वाळलेले नसते. शनिवार-रविवार टाळावा, बारीतून एक वाटाड्या आणि सोबत दुर्बीण घ्यावी, सूर्योदयाची सावली हुकली तरी उजेडात चढावे आणि माथ्यावर निदान तीन तास काढावेत.