दुपटं नको, वजन बघा

लेक बाळंतपणाला माहेरी आणि जावई तिकडं तामिळनाडूत गलाईच्या दुकानात, हे आमच्या म्हसवडकडचं नेहमीचं चित्र. माण, खटाव, आटपाडी, खानापूर भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगलेली. बापाला बाळ भेटतं ते मोबाइलवर, आणि बाळही असं की नेमकं त्याच वेळी भळकन दूध टाकतं. ‘मामी, एकदा पुण्याला स्पेशालिस्टला दाखवून टाका, पैशाचं मी बघतो,’ असं जावई म्हणतात. ‘वकणारं पोर अंगानं भरतं, काय होत न्हाई,’ असं आमच्या सासूबाई म्हणतात. लेक बिचारी दोघांच्या मध्ये रडवेली.

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. फक्त दोघंही बघतात ते भिजलेल्या दुपट्याकडं, आणि दुपट्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. दोन चमचे दूध कापडावर पसरलं की वाटीभर दिसतं.

तान्ह्या बाळाची अन्ननलिका आखूड असते. तिच्या खालच्या टोकाला जठराचं तोंड बंद ठेवणारी झडप असते, ती अजून ढिली असते. खाणं सगळं पातळ, आणि बाळ दिवसभर आडवं. मग दूध उलटं येणारच. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत हे सुरू होतं, चौथ्या महिन्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं, बाळ बसायला आणि वरचं खायला लागलं की कमी होतं, आणि वर्ष-दीड वर्षात बहुतेकांचं थांबतं. टाकून झाल्यावर बाळ हसत असेल, पुन्हा प्यायला मागत असेल, तर तो आजार नव्हे. धुण्याचं काम वाढलं, एवढंच.

मग ठरवायचं कशावर? वजनावर. पहिल्या तीन महिन्यांत बाळ रोज सरासरी 25 ते 30 ग्रॅमनं वाढतं, म्हणजे आठवड्याला 200 ग्रॅमच्या आसपास. पाच महिन्यांच्या सुमारास जन्माच्या वेळचं वजन दुप्पट व्हावं. त्यासाठी पुण्याला जायला लागत नाही. दवाखान्यात बाळंतपण झालं असलं तरी आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात, त्यांच्या पिशवीत वजनाचा काटा असतो. पुढं 6, 10 आणि 14 आठवड्यांच्या लशी येतात, आणि दूध टाकणं वाढत जातं तेही याच दिवसांत. प्रत्येक वेळी वजन करून कार्डावर लिहून घ्या. सोबत दिवसाला सहा तरी लंगोट ओले होतात का, तेवढं मोजा.

हिशोब बायकांना जमत नाही, असं निदान म्हसवडात तरी कुणी म्हणू नये. सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांच्यासोबत इथल्या बायकांनी बँक काढायची ठरवली, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला होता. त्याच बायका पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, वाचता येत नसलं तरी व्याज तोंडी काढून दाखवतो. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. बाळाचं वजन हेही पासबुकच समजा: रोज थोडं निघतं खरं, पण शिल्लक वाढतेय ना?

शिल्लक वाढत असेल तर घरचे उपाय पुरे. एकदम पोटभर पाजण्यापेक्षा थोडं थोडं पाजा, ढेकर काढा, वीस-तीस मिनिटं उभं धरा. बाळाला उताणंच झोपवा. पालथं झोपवल्यानं ओकणं कमी झालं तरी झोपेत दगावण्याचा धोका वाढतो. मधाचं बोट वर्षभर चाटवू नका. सहाणेवरची घुटी आणि ग्राइप वॉटर यांनी झडप घट्ट होत नाही. आणि शेजारच्या बाळाला दिलेले ॲसिडिटीचे थेंब आपल्या बाळाला नकोत. युरोप-अमेरिकेतल्या बालपोटविकार तज्ज्ञांच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात, की एरवी ठणठणीत बाळ केवळ दूध टाकतं म्हणून ही औषधं देऊ नयेत.

वजन अडलं, बाळ प्यायलाच नकार देतंय, पिताना कमान करून रडतंय, सारखा खोकला येतोय, शीमध्ये रक्त दिसतंय, सहा महिन्यांनंतर नव्यानंच ओकायला लागलंय किंवा दीड वर्ष झालं तरी थांबत नाही, तर बालरोगतज्ज्ञ गाठा. दहिवडी, अकलूज, पंढरपूर, जिथं सोयीचं पडेल तिथं. कधी गाईच्या दुधाची ॲलर्जी निघते. मग अंगावर पाजणाऱ्या आईचं दूधदुभतं दोन ते चार आठवडे बंद करून बघतात. पोटविकाराच्या तज्ज्ञाकडं पुण्याला जायचं की नाही, ते हे डॉक्टर सांगतील. जाताना वजनाचं कार्ड न्या, कारण तिथंही पहिला प्रश्न वजनाचाच असतो.

काही वेळा मात्र वजनाचीही वाट बघायची नाही. ओकारी हिरवी असेल तर आतड्याला पीळ पडलेला असू शकतो आणि तिथं तासांचा प्रश्न असतो. दोन ते आठ आठवड्यांचं बाळ प्रत्येक पाजण्यानंतर पिचकारीसारखं लांब फेकत असेल, तर जठराचं पुढचं तोंड आवळलेलं असू शकतं. सोनोग्राफीत ते दिसतं आणि छोट्या शस्त्रक्रियेनं बरं होतं. ओकारीत रक्त, फुगलेलं पोट, वर आलेली टाळू, श्वास अडखळणं, बाळ मलूल पडणं, तीन महिन्यांच्या आत ताप, यांतलं एक जरी दिसलं तरी रात्र आहे, सातारा नव्वदेक किलोमीटर आहे, असले विचार करू नका. 108 ला फोन लावा. आजारी बाळाला वर्षाचं होईपर्यंत सरकारी दवाखान्यात नेण्या-आणण्याची सोय फुकट आहे.

आणि त्या वेळी तामिळनाडूतून होकार यायची वाट बघू नका. बाळ जिच्या मांडीवर आहे, तिनं ‘चला’ म्हटलं की निघायचं, एवढं प्रत्येक घरानं आजच ठरवून ठेवावं.