अधिकारपत्र द्यावें, किल्ली देऊं नये

मुंबई-गोवा रस्त्याला जेथें देवगडचा फाटा फुटतो, त्या नांदगांवच्या तिठ्यावरील दुकानदारास किंवा पेन्शन घेणाऱ्या शिक्षकास त्याच्या प्राप्तिकराविषयीं विचारावें, तर बहुधा एकच उत्तर मिळेल : ‘ता सगळा तोच बघता.’ ‘तो’ म्हणजे करसल्लागार. या उत्तरांत वावगें कांहीं नाहीं. कायदा किचकट आहे. दुखणाईत जसा वैद्याकडे जातो, तसें करदात्यानें जाणत्याकडे जावें हेंच शहाणपण. परंतु ‘त्यास लेखी अधिकार कोणत्या कामाचा दिला आहे ?’ असें पुढें विचारलें, तर पुष्कळांची वाचा बंद होते. कारण अधिकारपत्र कधीं लिहिलेंच गेलें नाहीं. दिला गेला तो खात्याच्या संकेतस्थळावरील परवलीचा शब्द.

प्रतिनिधि नेमण्याचा हक्क नवा नाहीं. १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यांत तो होता. १९६१ च्या कायद्याच्या २८८ व्या कलमानें तो विस्तारानें सांगितला. १ एप्रिल २०२६ ही ज्याच्या अंमलाची तारीख, त्या २०२५ च्या कायद्यांतही तो राखलेला आहे. वस्तु व सेवा करापुरता तोच हक्क २०१७ च्या कायद्याच्या ११६ व्या कलमांत आहे. प्राप्तिकराच्या कामीं आपला नातलग, कायमचा नोकर, नेहमींच्या व्यवहारांतील अनुसूचित बँकेचा अधिकारी, वकील किंवा सनदी लेखापाल यांपैकीं कोणासही आपल्यातर्फे उभें करतां येतें. अट एवढीच, कीं अधिकार लेखी असावा. शपथेवर जबानी देण्यास अधिकाऱ्यानें जातीनें बोलावलें, तर मात्र स्वतःच गेलें पाहिजे. विवरणपत्राची सत्यताही सामान्यतः करदात्यानेंच पडताळावयाची. परमुलखीं बोटीवर असलेल्या खलाशासारख्यास तें काम रीतसर मुखत्यारपत्र देऊन दुसऱ्याकडून करवितां येतें. तात्पर्य, प्रतिनिधीस कायद्यानें आपल्यातर्फे बोलण्याचा अधिकार दिला आहे; आपल्या जागीं आपणच होऊन बसण्याचा नव्हे.

हा भेद विसरल्यास काय होतें, तें १४ जुलै २०२५ रोजीं दिसून आलें. त्या दिवशीं प्राप्तिकर खात्यानें खोट्या वजावटी दाखविणाऱ्या मध्यस्थांविरुद्ध देशभर सुमारें १५० ठिकाणीं कारवाई केली. परतावा वाढवून मिळेल अशी लालूच दाखवून, कमिशन ठरवून, हे लोक दुसऱ्यांचीं विवरणपत्रें भरीत होते. त्यांपैकीं कांहींनीं अशीलांच्या नांवें तात्पुरते ई-मेल पत्ते काढले व काम झाल्यावर ते टाकून दिले, असेंही खात्यानें जाहीर केलें. मग सरकारी नोटिसा त्या ओस पडलेल्या पत्त्यांवर येऊन न वाचतां पडून राहिल्या ! चेहराविरहित आकारणी आल्यापासून बहुतेक पत्रव्यवहार संगणकावरूनच चालतो. नोटीस घेऊन दारांत शिपाई येत नाहीं. येते ती थेट मागणी. जाणूनबुजून चुकीचें उत्पन्न दाखविल्याबद्दलचा दंड बुडविलेल्या कराच्या दुप्पट आहे, आणि तो भरावयाचा करदात्यानें. ‘मला ठाऊक नव्हतें’ हें उत्तर तेथें पुरें पडत नाहीं.

कोंकणी माणसास ही गोष्ट विशेष समजावी. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यांत सरकार आणि कूळ यांच्यामध्यें खोत उभा असे. साऱ्याचा हिशेब त्याच्या हातीं, आणि सोसणें कुळाच्या वांट्याला. ती पद्धति मोडण्यासाठीं डॉ. आंबेडकरांनीं १९३७ सालीं मुंबई विधिमंडळांत विधेयक मांडलें, आणि पुढें १९४९ च्या कायद्यानें खोती गेली. सरळ वागणाऱ्या करसल्लागारांस आम्ही खोत म्हणत नाहीं. त्यांच्यावांचून अनेकांचें चालणार नाहीं. परंतु खोत जुलमी होतो तो केवळ स्वभावानें नव्हे. आपला हिशेब आपण पाहावयाचाच नाहीं, ही संवय त्याला मोठें करते.

कोणी म्हणतील, ‘म्हाताऱ्या माणसाला संगणक कोठला कळणार ?’ आक्षेप खरा आहे. पण म्हणूनच कायद्यानें नातलगास प्रतिनिधि होऊं दिलें आहे. मुंबईस असलेल्या मुलास किंवा मुलीस हें काम सांगावें. सल्लागारच नेमावयाचा तर एका कागदावर त्याचें नांव, कोणतें वर्ष व कोणतें काम हें लिहून सही करावी व नक्कल घरीं ठेवावी. परवलीचा शब्द स्वतःपाशीं ठेवावा. मोबाइलचा क्रमांक व ई-मेलचा पत्ता आपला किंवा घरच्यांचाच नोंदवावा. सनदी लेखापाल जोडण्याची व काढण्याची सोय संकेतस्थळावर आहे, ती वापरावी. विवरणपत्राची प्रत वाचून घेतल्याशिवाय संमति देऊं नये, आणि परताव्यावर टक्केवारी मागणारास दारांतूनच परत पाठवावें. शाळांनीं आणि ग्रामपंचायतींनीं वर्षांतून एक दिवस हें शिकविण्यास दिला, तर तो वायां जाणार नाहीं.

विश्वास ठेवणें हा दोष नव्हे. परंतु ज्याच्यावर विश्वास ठेवला, त्यानें काय केलें हें पाहण्याचा हक्क आपणच सोडून दिला, तर पुढें दोष कोणास द्यावयाचा ?