गाणी उघडी, कागद कुलपात

आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात रथ निघतो. त्या गर्दीत खिशातला एमपीथ्री प्लेअर पडला, तर गाणी पुन्हा भरता येतील. पण त्यातच आधार-पॅनच्या प्रती, पासबुकाचे फोटो असले तर? बहुतेक प्लेअर संगणकाला जोडले की पेनड्राइव्हसारखे उघडतात, ज्याच्या हाती लागले त्याच्यासाठी!

फोल्डर नुसतं 'हिडन' करणं म्हणजे कडी न लावता पडदा ओढणं. व्हेराक्रिप्ट हे मोफत सॉफ्टवेअर प्लेअरवर पासवर्डबंद फाइल बनवतं. कागद तिच्या आत, गाणी बाहेर. अख्खा प्लेअर एन्क्रिप्ट करू नये, गाणीच वाजणार नाहीत. मेमरी फॅट३२ असेल, तर ही फाइल ४ जीबीपेक्षा लहान हवी.

सायबर कॅफेत ती उघडायला सहसा अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात. तसाही परक्या संगणकावर हा पासवर्ड टाकूच नये. आणि तो विसरला, तर परत मिळवायची सोय नाही. मूळ कागद घरच्या कपाटात असलेले बरे.